‘आम्ही’ आणि ‘आपण’ : कॅनडातील कॅथलिक शिक्षणातील सत्यकथनाच्या भाषेचा विचार

१

एखाद्या संस्थेने आपल्या हातून घडलेल्या अन्यायाचा इतिहास आपल्याच विद्यार्थ्यांना शिकवावयाचे ठरविले, तर तो कोणत्या भाषेत शिकविला जाईल, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु बारकाईने पाहिल्यास तो प्रथम व्याकरणाचा प्रश्न आहे, असे दिसून येईल. वाक्याला कर्ता आहे की नाही, असल्यास तो कोण, आणि बोलणारा स्वतःला त्या कर्त्यात समाविष्ट करतो की त्याच्या बाहेर उभा राहतो, यांवर सत्य सांगितले गेले की त्याचा केवळ उल्लेख झाला, हे ठरत असते. कॅनडातील कॅथलिक शाळांमधून मूलनिवासींविषयी आज जे सत्यकथन आणि समेटाचे शिक्षण दिले जाते, त्याची या दृष्टीने चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. (‘मूलनिवासी’ हा शब्द येथे कॅनडाच्या १९८२ च्या घटना-कायद्यातील व्याख्येच्या अर्थाने, म्हणजे ‘इंडियन’, इन्युइट व मेती या तीनही समूहांना उद्देशून वापरला आहे. भारतीय राजकारणात त्याला लाभलेले अर्थ येथे अभिप्रेत नाहीत.)

या विषयाची अडचण त्याच्या मुळाशीच आहे. ऑंटारियो, अल्बर्टा आणि सस्कॅचेवान या प्रांतांत कॅथलिक शाळा सरकारी खर्चाने चालतात. ऑंटारियोतील शाळांना १८६७ च्या घटना-कायद्याच्या ९३ व्या कलमाचे, तर उर्वरित दोन प्रांतांतील शाळांना १९०५ च्या कायद्यांचे संरक्षण आहे. एकट्या ऑंटारियोत इंग्रजी माध्यमाची २९ आणि फ्रेंच माध्यमाची ८ कॅथलिक शाळामंडळे आहेत. या शाळांनी ज्या अन्यायाचा पाठ द्यावयाचा, तो अन्यायही मोठ्या अंशी कॅथलिक शाळांतच घडला. कारखान्यातील वा तुरुंगातील अन्यायाचा इतिहास शाळेत शिकविणे वेगळे, आणि शाळेतील अन्यायाचा इतिहास शाळेत शिकविणे वेगळे. येथे सांगणारा आणि ज्याविषयी सांगावयाचे तो, हे दोघे एकाच घराण्यातले आहेत.

२

पूर्वेतिहास थोडक्यात असा. १८७९ मध्ये निकोलस फ्लड डेव्हिन याने अमेरिकेतील औद्योगिक शाळांची पाहणी करून कॅनडा सरकारला अहवाल सादर केला. त्यानंतर १८८३-८४ मध्ये पश्चिमेकडील प्रदेशात ज्या तीन औद्योगिक शाळा निघाल्या, त्यांपैकी क्वापेल आणि डनबो येथील दोन शाळा कॅथलिक मिशनऱ्यांच्या हाती होत्या. मुलाला आईबापांपासून, भाषेपासून आणि आचारापासून तोडल्याखेरीज त्याला ‘सुधारता’ येणार नाही, ही या योजनेमागील कल्पना होती. १९२० च्या दुरुस्तीने सरकारला अशा शाळांतील उपस्थिती सक्तीची करता आली. यांतील शेवटच्या शाळा १९९६-९७ च्या सुमारास बंद झाल्या. नुकसानभरपाईच्या करारात अंतर्भूत झालेल्या १३९ निवासी शाळांतून दीड लाखांहून अधिक मुले गेली. यांपैकी सुमारे साठ टक्के शाळा कॅथलिक संस्था चालवीत होत्या, आणि ओब्लेट या एकाच धर्मसंघाकडे ४८ शाळा होत्या.

या शाळांत मुलांचे केस कापले जात, कपडे काढून घेतले जात, पुष्कळ ठिकाणी नावाऐवजी क्रमांक दिला जाई, आणि मातृभाषेतून बोलल्याबद्दल शिक्षा होई. रोगराई आणि उपासमार यांनी असंख्य मुले मेली. १९०७ मध्येच डॉ. पीटर ब्राइस यांनी पश्चिमेकडील १५ शाळांची पाहणी करून, तेथील विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश मरण पावल्याचे सरकारला कळविले होते. म्हणजे जे आज ‘उघडकीस आले’ असे म्हटले जाते, ते शतकापूर्वीच कळलेले होते. ते कळूनही चालू राहिले, हा या इतिहासाचा अधिक दारुण भाग होय.

निवासी शाळांतून वाचलेल्या माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतल्यावर मोठा करार झाला आणि २००७ मध्ये तो अमलात आला. त्यातूनच २००८ मध्ये सत्य आणि समेट आयोग स्थापन झाला. अनिशिनाबे समाजातील न्यायाधीश मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली आयोगाने साडेसहा हजारांहून अधिक साक्षी ऐकल्या. २०१५ मध्ये त्याने आपला अहवाल व ९४ आवाहने प्रसिद्ध केली, आणि जे घडले त्यास ‘सांस्कृतिक वंशसंहार’ असे नाव दिले. या आवाहनांपैकी तीन आपल्या विषयाशी थेट संबद्ध आहेत. ५९ वे आवाहन करारात सामील झालेल्या चर्चना सांगते की, वसाहतीकरणात आपल्या चर्चचा काय भाग होता आणि क्षमायाचना का आवश्यक झाली, हे त्यांनी आपल्या अनुयायांना सतत शिकवावे. ६२ वे आवाहन बालवर्गापासून बारावीपर्यंतच्या अभ्यासक्रमात या इतिहासाचा समावेश व्हावा असे म्हणते. आणि ६४ वे आवाहन सरकारी पैशावर चालणाऱ्या सांप्रदायिक शाळांतून तौलनिक धर्मशिक्षण दिले जावे, त्यात मूलनिवासींच्या आध्यात्मिक श्रद्धा व आचार यांचा भाग असावा, आणि तो त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या सहकार्याने तयार व्हावा, असे सांगते. आता हे शिक्षण ज्या भाषेतून दिले जाते, तिच्याकडे वळू.

३

आपल्या सरकारी मराठीत एक प्रयोग रूढ आहे : ‘रस्ता बंद करण्यात आला’, ‘अर्ज फेटाळण्यात आला’. हा प्रयोग वाचताच कर्ता कुठे आहे असे कुणी विचारीत नाही, कारण तो नसावा याचसाठी हा प्रयोग योजलेला असतो. ‘मुले कुटुंबांपासून दूर नेण्यात आली’, ‘त्यांच्या भाषा नष्ट झाल्या’, ‘अनेक मुले घरी परतली नाहीत’ ही वाक्ये पाहावीत. इंग्रजी व फ्रेंच भाषांतील शालेय मजकुरात यांसारखी वाक्ये पदोपदी आढळतात. त्यांत असत्य असे काही नाही. परंतु पहिल्यात कर्ता लोपला आहे, दुसऱ्यात सकर्मक क्रियेची अकर्मक घटना झाली आहे, आणि तिसऱ्यात तर मृत मुलेच कर्त्याच्या जागी येऊन बसली आहेत; जणू परत न येणे ही त्यांचीच कृती होती.

ऑंटारियोतील अनेक शाळांत दिवसाच्या आरंभी आपण कोणत्या मूलनिवासी समाजाच्या परंपरागत भूमीवर उभे आहोत, याचा उच्चार केला जातो. या भूमि-निवेदनाचा हेतू स्तुत्य आहे. तथापि त्याची वाक्यरचना ‘ही भूमी अमुकांची परंपरागत भूमी आहे’ अशी असते. ‘आहे’ या क्रियापदात घेणे, देणे, करार मोडणे यांपैकी काहीच येत नाही. ज्या मुलाने रोज हे वाक्य ऐकले, त्याला भूमी कोणाची हे कळते. ती त्यांच्याकडून कोणाकडे आणि कशी गेली, हे मात्र त्या वाक्यातून कळणे शक्य नाही.

कर्त्याचा हा लोप नव्या भाषेचीच कृती नाही. जुन्या दप्तरांतही तो होता. आयोगाने प्रथम ज्या सुमारे ३,२०० मृत्यूंची नोंद केली, त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मुलांची नावे शाळांनी वा सरकारने लिहून ठेवलेली नव्हती, आणि जवळजवळ निम्म्या मृत्यूंचे कारण नोंदलेले नव्हते. (स्मृतिनोंदवहीतील नावे आता ४,१०० हून अधिक झाली आहेत.) ज्या दप्तराने मृताचे नाव गाळले, त्याच्या इतिहासात आज मारणाऱ्याचे नाव गाळले जावे, हा योगायोग समजून सोडून देता येणार नाही.

४

क्षमायाचनांची भाषा तपासल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ओब्लेट धर्मसंघाने २४ जुलै १९९१ रोजी अल्बर्टातील लाक सेंट ॲन येथे क्षमायाचना केली. तिच्यात ‘आम्ही’ हा कर्ता आरंभापासून अखेरपर्यंत टिकून आहे. त्या शाळांत काय काय घडले एवढ्यावर ती थांबत नाही. मुळात अशा शाळा असणे हाच सर्वांत मोठा अत्याचार होता, असे ती मान्य करते, आणि भाषिक व धार्मिक साम्राज्यवादातील आपला वाटा कबूल करते. ही क्षमायाचना एका धर्मसंघाची होती, संपूर्ण चर्चची नव्हती.

संपूर्ण चर्चच्या वतीने कोण बोलणार, हा पेच मग तीस वर्षे राहिला. कॅनडातील बिशपांची परिषद दीर्घ काळ असे सांगत आली की, सुमारे सत्तर धर्मप्रांतांपैकी सोळाच्या आसपास धर्मप्रांतांचा आणि काही धर्मसंघांचा या शाळांशी संबंध होता. प्रत्येक धर्मप्रांत स्वायत्त असल्याने संपूर्ण कॅथलिक चर्च त्यास जबाबदार नव्हते. कायद्याच्या दृष्टीने हे विधान बरोबर असेल. परंतु विश्वासाच्या बाबतीत जी संस्था एक आणि सार्वत्रिक, ती उत्तरदायित्वाच्या बाबतीत शेकडो तुकड्यांची, ही विसंगती मूलनिवासींच्या नजरेतून सुटली नाही. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये बिशपांनी एकत्रितपणे क्षमा मागितली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अल्बर्टातील मास्क्वाचीस येथे, एका जुन्या निवासी शाळेच्या परिसरात, जाहीर क्षमायाचना केली.

वृद्धापकाळी, आजारी अवस्थेत, चाकांच्या खुर्चीत बसून पोपनी केलेला हा प्रवास आणि त्यांचा शोक यांच्या खरेपणाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. अनेक वृद्ध माजी विद्यार्थ्यांना त्या दिवशी समाधान लाभले, हेही खरे. तथापि भाषणातील मध्यवर्ती वाक्याची घडण लक्षात घ्यावी. क्षमा मागणारा ‘मी’ आहे. पण दुष्कृत्य करणारे ‘पुष्कळ ख्रिस्ती’ आहेत. त्यांचे क्रियापद ‘सहकार्य केले’ हे आहे, आणि ज्या योजनांना सहकार्य झाले त्या ‘तत्कालीन सरकारांनी पुरस्कारलेल्या’ आहेत. अशा रीतीने चर्च ही संस्था वाक्यात तीन पायऱ्या मागे गेली : आधी व्यक्ती, मग साहाय्य, मग दुसऱ्याची योजना. मरे सिंक्लेअर यांनी दुसऱ्याच दिवशी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. चर्च या धोरणाचे केवळ साहाय्यक नव्हते, ते त्याचे सहकर्ते होते. दोष काही व्यक्तींच्या माथी मारल्याने एक मोठी पोकळी राहिली, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता.

ही रचना अनवधानाने झालेली नाही. चर्च स्वतः पवित्र असून पाप घडते ते तिच्या सदस्यांकडून, असा कॅथलिक धर्मशास्त्राचा जुना सिद्धांत आहे. सन २००० मध्ये दुसरे पोप जॉन पॉल यांनी इतिहासातील दोषांबद्दल जी क्षमाप्रार्थना केली, तीही चर्चच्या ‘मुलाबाळांच्या’ दोषांबद्दल होती. सिद्धांताचा योग्यायोग्यपणा ठरविणे हे भाषाभ्यासकाचे काम नव्हे. परंतु एखाद्या सिद्धांतामुळे भाषेत एक वाक्य म्हणताच येईनासे होते, हे दाखवून देणे हे त्याचे काम खचितच आहे. ‘चर्चने हे केले’ असे वाक्य ज्या भाषेत व्याकरणशुद्ध असूनही निषिद्ध ठरते, त्या भाषेत शिक्षकाने वर्गात काय बोलावे?

५

येथे मराठी वाचकाला सहज कळेल, पण इंग्रजी वा फ्रेंच भाषकाला समजावून सांगावा लागेल, असा एक भेद उपयोगी पडतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो समाविष्ट होतो. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवलो’ यांत घोटाळा करणारा मराठी माणूस विरळा. इंग्रजी व फ्रेंच या भाषांत या दोन्ही अर्थांना एकच सर्वनाम आहे. विशेष हे की, ज्यांची मुले त्या शाळांतून नेली गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या भाषांत हा भेद मराठीप्रमाणेच आहे. मैदानी प्रदेशातील क्री भाषेत ‘नियनान’ म्हणजे तुम्हांस सोडून आम्ही, आणि ‘कियानौ’ म्हणजे तुम्हांसह आपण. अनिशिनाबे भाषेतही ‘नीनविंद’ आणि ‘गीनविंद’ अशी दोन निरनिराळी सर्वनामे आहेत. अर्थात ज्या समाजापुढे क्षमायाचना झाली, त्याच्या कानाला हा भेद अपरिचित नव्हता. ज्या भाषांतून ती झाली, त्या भाषांनाच तो नव्हता.

शाळांमधील समेटाच्या भाषेत हा भेद पुन्हा पुन्हा पुसला जातो. ‘आपण सर्व समेटाच्या वाटेने चाललो आहोत’, ‘आपण सर्वांनी भूतकाळाच्या जखमा भरून काढू या’ अशा घोषवाक्यांतील ‘आपण’ उदार वाटते. परंतु जखम करणारा आणि जखमी यांना ते एकाच सर्वनामात बसविते. ज्याच्या आजीची भाषा मारून काढली, त्या मुलानेही आता ‘आपल्या’ जखमा भरण्याच्या कामी समान भागीदार व्हावयाचे, असा त्याचा अर्थ होतो. सत्यकथनासाठी प्रथम ‘आम्ही’ लागते. ते उच्चारून झाल्यावरच, आणि तेही समोरच्याने संमती दिल्यास, ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. ‘आम्ही’ वगळून थेट ‘आपण’वर जाणे यालाच आज पुष्कळदा समेट असे म्हटले जाते, आणि प्रस्तुत टीकेचा मुख्य रोख याच गोष्टीवर आहे.

६

कॅथलिक शाळेला हा क्रम बाहेरून शिकविण्याची वास्तविक गरज नाही. मराठी बायबलात ज्या कल्पनेसाठी ‘समेट’ हा शब्द आला आहे, तिच्याच इंग्रजी प्रतिशब्दाने आज कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाचा संस्कार ओळखला जातो. ऑंटारियोतील कॅथलिक मूल साधारणपणे दुसरीच्या वर्गात, सात-आठ वर्षांचे असताना, हा संस्कार प्रथम घेते. १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने या संस्कारात पश्चात्ताप करणाऱ्याच्या तीन क्रिया सांगितल्या : मनापासून खेद, मुखाने निवेदन आणि कृतीने परिमार्जन. या निवेदनात ‘माझ्या हातून’ असेच म्हणावे लागते. ‘काही चुका घडल्या’ असे सांगणाऱ्या मुलाला धर्मगुरू पुन्हा विचारील की, कोणाकडून घडल्या? जी अट सात वर्षांच्या मुलाला आहे, ती त्याच्या शाळेला का नसावी?

तीन क्रियांपैकी तिसरी, परिमार्जनाची, तर आकड्यांनी मोजता येते. २००७ मध्ये अमलात आलेल्या करारानुसार कॅथलिक संस्थांनी रोख २ कोटी ९० लाख डॉलर देणे, अडीच कोटी डॉलरांच्या सेवा पुरविणे, आणि आणखी अडीच कोटी निधी-संकलनाने उभे करण्याचा पूर्ण प्रयत्न करणे असे ठरले होते. निधी-संकलनातून चाळीस लाखांपेक्षाही कमी जमले. २०१५ मध्ये सस्कॅचेवानमधील न्यायालयाच्या निर्णयाने, १२ लाख डॉलरांच्या मोबदल्यात, या संस्था उर्वरित बंधनातून मुक्त झाल्या. पुढे २०२१ मध्ये बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर देण्याचे नवे वचन दिले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी व्हॅटिकनच्या संग्रहातील ६२ मूलनिवासी वस्तू कॅनडातील बिशपांच्या हवाली केल्या. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याला समेटाचा पाठ देताना अडीच कोटी व चाळीस लाख हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखविले जातात काय, असा प्रश्न केल्यास त्याला कोणी अप्रस्तुत म्हणू नये.

७

शालेय पाठासाठी जी उदाहरणे निवडली जातात, त्यांतही कर्ता बदलण्याची हीच प्रवृत्ती प्रवेश करू शकते. १९६६ च्या ऑक्टोबरात शाळेतून पळून घरी निघालेला आणि रेल्वेमार्गाच्या कडेला थंडीने मेलेला बारा वर्षांचा चेनी वेंजॅक याची कथा आज कॅनडाच्या शाळाशाळांतून सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. पण त्याची शाळा प्रेस्बिटेरियन होती. कॅथलिक वर्गात तेवढी एकच कथा सांगितली गेली, तर अन्याय खरा ठरूनही तो शेजाऱ्याच्या घरातला ठरतो. याउलट ३० सप्टेंबरला मुले ज्या नारिंगी सदऱ्याच्या आठवणीने तसेच सदरे घालून येतात, तो फिलिस वेबस्टॅड यांचा सदरा १९७३ मध्ये त्या सहा वर्षांच्या असताना ज्या ठिकाणी काढून घेतला गेला, ते ब्रिटिश कोलंबियातील सेंट जोसेफ मिशन ओब्लेट धर्मसंघाने स्थापिलेले होते. सदरा घालणे सोपे आहे. मिशनचे नाव घेणे आणि ते आपल्याच परंपरेचे होते असे सांगणे, यात पाठाचे सत्त्व आहे.

ऑंटारियोच्या नैर्ऋत्येकडील प्रोव्हिदाँस या फ्रेंच कॅथलिक शाळामंडळाची घटना या संदर्भात बोधप्रद आहे. मूलनिवासींचे विपर्यस्त चित्रण आहे म्हणून या मंडळाने आपल्या ग्रंथालयांतून टिनटिन, ॲस्टेरिक्स यांसारखी सुमारे पाच हजार पुस्तके काढून टाकली. २०१९ मध्ये त्यांपैकी सुमारे तीस पुस्तके समेटाचे प्रतीक म्हणून एका समारंभात जाळण्यात आली. २०२१ मध्ये हे प्रकरण बाहेर आल्यावर देशभर टीका झाली. ग्रंथदहनाच्या नीतीविषयी पुष्कळ बोलले गेले. मला त्यातील कर्त्याचा फेरबदल अधिक लक्षणीय वाटतो. बेल्जियन चित्रकाराचे पाप अग्नीत टाकल्याने कॅथलिक शाळेच्या पापाचे निवेदन होत नाही. किंबहुना ज्वाळांच्या प्रकाशात ते दिसेनासे होण्याचाच संभव अधिक.

सत्यकथनाला अतिशयोक्तीही मानवत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मे २०२१ मध्ये कॅमलूप्स येथील जुन्या कॅथलिक निवासी शाळेच्या आवारात, भूमिवेधी रडारच्या साहाय्याने, संभाव्य थडग्यांच्या खुणा आढळल्याचे तेथील सेक्वेपेम समाजाने जाहीर केले. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ स्त्रीने पुढे त्यांची संख्या सुमारे २०० सांगितली, आणि उत्खननाखेरीज निश्चिती होणार नाही हेही सांगितले. परंतु वृत्तपत्रांतून ‘संभाव्य’ हे विशेषण गळाले, ‘सामूहिक दफन’ असे शब्द आले, आणि त्याच फटीतून, काही घडलेच नाही असे म्हणणारे लोक आत शिरले. मृत्यूंचा पुरावा रडारवर अवलंबून नाही. तो सरकारच्या आणि शाळांच्या स्वतःच्या कागदपत्रांत आहे. म्हणून शिक्षकाने ‘संभाव्य’ हा शब्द टिकवावा, आणि त्याचबरोबर ब्राइस यांचा १९०७ चा अहवालही वर्गात वाचून दाखवावा. शब्दाचा नेमकेपणा हा पीडिताचा विश्वासघात नसून त्याच्या साक्षीचे संरक्षण आहे.

८

या इतिहासाचा एक पैलू भाषेच्या अभ्यासकाला विशेष अस्वस्थ करणारा आहे. आल्बेर लाकोम्ब या ओब्लेट धर्मगुरूने १८७४ मध्ये क्री भाषेचा कोश आणि व्याकरण प्रसिद्ध केले. त्या भाषेतील ‘नियनान’ आणि ‘कियानौ’ यांचा भेद त्याला ठाऊक नव्हता, असे म्हणणे अशक्य. हाच लाकोम्ब १८८४ मध्ये डनबो येथील औद्योगिक शाळेचा पहिला प्रमुख झाला. ज्या भाषेचा कोश त्याने रचला, तीपासून मुलांना तोडणे हा ज्या व्यवस्थेचा हेतू, तिच्या आरंभी तो उभा आहे.

गोव्याच्या भाषिक इतिहासाशी परिचित असलेल्यांना हे द्वंद्व नवे वाटणार नाही. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये मराठीत छापले गेले, त्याचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १६८४ मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांच्या आत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. दोन्ही भूमींचा संबंध केवळ साम्याचा नाही. १४५५ आणि १४९३ च्या ज्या पोपाज्ञांच्या आधारे युरोपीय सत्तांनी नवे प्रदेश आपले मानले, त्यांपैकी पहिलीवर पोर्तुगालचा पूर्वेकडील धर्माश्रय उभा होता. आणि ज्या ‘शोधाच्या सिद्धांता’ला या आज्ञांनी जन्म दिला, त्याचा चर्चने मार्च २०२३ मध्ये त्याग जाहीर केला तो मुख्यतः कॅनडातील मूलनिवासींच्या आग्रहामुळे. लाकोम्बच्या कोशाने त्याच्या शाळेचे पाप फिटत नाही, आणि शाळेच्या पापाने कोश खोटा ठरत नाही. आज क्री भाषा पुन्हा शिकणारे तरुण कदाचित त्याच कोशाची पाने उलटीत असतील. दोन्ही गोष्टी एका वर्गात, एका तासात सांगता आल्या पाहिजेत. सत्यकथनाची ही खरी कसोटी होय.

९

एका आक्षेपाचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. आजच्या विद्यार्थ्याने कोणाचीही भाषा हिरावून घेतलेली नाही; मग त्याला ‘आम्ही केले’ असे का म्हणावयास लावावे? त्यातही ऑंटारियोतील कॅथलिक शाळांतून फिलिपिन्स, केरळ, गोवा, वसई येथून गेलेल्या कुटुंबांची मुले शिकतात. ज्यांचे पूर्वज स्वतःच वसाहतीचे प्रजाजन होते, त्यांना या ‘आम्ही’मध्ये ओढणे न्याय्य आहे काय?

आक्षेप वजनदार आहे, परंतु तो अपराध आणि उत्तरदायित्व यांची गल्लत करतो. अपराध रक्ताने येत नाही हे मान्य. उत्तरदायित्व मात्र संस्थेच्या द्वारे येते. जे मूल सरकारी खर्चाने चाललेल्या कॅथलिक शाळेचा लाभ घेते, ते त्या संस्थेच्या मालमत्तेबरोबर तिच्या ऋणाचेही वारस होते. आपल्याकडेही बापाचे घर घ्यावयाचे आणि त्याचे देणे नाकारावयाचे, हे लोकाचाराला कधी मान्य झालेले नाही. २०२१ पासून कॅनडाचे नागरिकत्व घेणारा प्रत्येक जण मूलनिवासींचे करारजन्य हक्क मान्य करणारी शपथ घेतो. म्हणजे नवागताचे ‘आम्ही’ त्या दिवशी त्याने स्वमुखाने स्वीकारलेले असते. शिवाय ‘आम्ही’ म्हणण्याचा भार प्रथम विद्यार्थ्यावर नाही. तो शाळेवर, शाळामंडळावर आणि बिशपांवर आहे. त्यांनी ते नीट म्हटले, तर मुलांना ते ऐकूनच कळेल.

म्हणून वर उल्लेखिलेले ६४ वे आवाहन मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मूलनिवासी वडीलधाऱ्यांच्या सहकार्याने त्यांच्या श्रद्धांचा पाठ कॅथलिक वर्गात देणे म्हणजे, ज्या श्रद्धा त्याच परंपरेच्या शाळांनी एकेकाळी सैतानी ठरविल्या, त्यांना बोलण्याची जागा देणे होय. त्या तासाला शाळा ऐकणारी होते. ‘आम्ही’ म्हणून झाल्यावर पुढचे सर्वनाम कोणते असावे, हे ठरविण्याचा अधिकार तिने समोरच्याला दिलेला असतो. ‘आपण’ हा शब्द त्या बाजूने उच्चारला गेला, तर समेट झाला असे समजावे. तो उच्चारला जाईपर्यंत कॅथलिक शाळेने आपले वाक्य कर्त्यासह, पूर्ण आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहणे, एवढेच तिच्या हाती आहे. आणि तेवढे तिने केले, तरी आजवरच्या मानाने ते थोडे म्हणता येणार नाही.